तात्पुरती जोडणी

४ मार्च

गाडी आली. आज दुसरं काही घडलं असेल तर मला ठाऊक नाही.

रंग राखाडी. पेट्रोलवर चालते आणि विजेवरही. रात्री घरच्या सॉकेटला लावायची, सकाळी बॅटरी भरलेली. रोजच्या फिरण्याला पेट्रोलचा थेंब लागत नाही, लांबचा पल्ला असला तर इंजिन आपलं आपण सुरू होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अधीक्षक म्हणून उभी हयात काढली, सरकारी जीपच्या मागच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेतली. निवृत्तीनंतर एवढं तरी आपल्या मनासारखं व्हावं.

हिने गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाली, "हिला आवाजच नाही हो. मागून आली तर कळायचं कसं?" मी म्हटलं, "घरात एक आवाजवाली आहे, पुरे." हसली. आज तिला काहीही बोललं तरी चालण्यासारखं होतं.

गाडीसाठी मागच्या महिन्यात अंगणात फरशी बसवून घेतली. आधी तिथे माती, चार कुंड्या, विजेच्या अर्थिंगचा खड्डा आणि त्याचं फुटकं झाकण असा पसारा होता. उन्हाळ्यात ही त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची, तिच्या भावाने सांगितलं होतं म्हणून. आता सगळं सपाट, गुळगुळीत. "पाणी कुठे ओतू?" असं विचारत होती. झाडांना ओत, म्हटलं.

९ मार्च

हिला घेऊन तळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. इंजिन एकदाही सुरू झालं नाही. येताना हिचा डोळा लागला. गाडीत हिला झोप लागलेली मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली. एरवी खिडकीची दांडी धरून बसते आणि माझ्या आधी ब्रेक दाबते.

१७ मार्च

सकाळी पाहतो तर बॅटरी रिकामी. केबलच्या मध्यावर एक डबी आहे, तिच्यावर हिरवा दिवा लागायला हवा तो लाल लागला होता. गाडीच्या पडद्यावर "चार्जिंग थांबले, पुरवठा तपासा". पुरवठा तपासला. त्याच सॉकेटवर इस्त्री लावली, तापली. मिक्सर लावला, फिरला. पुरवठ्याला काय धाड भरलीय?

केबल काढून पुन्हा लावली. दोन मिनिटं हिरवा, मग लाल. दिवसभर हेच. बाजारात जाऊन आलो तर इंजिन सुरूच राहिलं, जुन्या जीपसारखं. ही दांडी धरून बसली होती.

२१ मार्च

सर्व्हिस सेंटरला गेलो. टेबलामागे एक तरुण बाई. तिने गाडी तिकडच्या चार्जरला लावली आणि गाडी मुकाट्याने चार्ज झाली. आपल्याच लेकराने परक्यांसमोर तोंडघशी पाडावं तसं झालं.

बाई म्हणाली, "काका, गाडीत दोष नाही. तुमच्या घराच्या अर्थिंगमध्ये आहे. अर्थिंग नीट नसलं तर ही गाडी वीज घेत नाही. तुमच्या सुरक्षेसाठीच तसं केलेलं असतं."

मी म्हटलं, "गेली कित्येक वर्षं त्या घरात फ्रिज चालतो, पाण्याचा हीटर चालतो. त्यांना कधी अर्थिंग लागलं नाही."

"ते तपासत नाहीत, काका. ही तपासते."

उत्तर तयारच होतं. हात झटकण्याची कला मी कचेरीत फार जवळून पाहिली आहे, काही अंशी मीच शिकवलेली आहे. नळाला पाणी नाही म्हणून कोणी आलं की आम्हीही म्हणायचो, तुमची आतली पाइप तपासा. तिला तसं सांगितलंही. ती हसली नाही. तिने एका कागदावर "घरचे अर्थिंग दुरुस्त करावे" असं लिहून दिलं. कागद गाडीच्या कप्प्यात टाकला.

२३ मार्च

मेहुण्याला बोलावलं. हिचा धाकटा भाऊ, पंखे आणि पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो, घरांचं वायरिंगही करतो. कामात बरा, बोलण्यात त्याहून बरा. आल्या आल्या गाडीला नमस्कार करून म्हणाला, "दाजी, एवढ्या पैशात मी तुम्हाला दोन पाणबुड्या पंप बसवून दिले असते, आयुष्यभर चार्जिंगचा त्रास नाही."

त्याने होल्डरला बल्ब आणि दोन वायरी असं त्याचं हत्यार काढलं. एक वायर सॉकेटच्या एका भोकात, दुसरी अर्थच्या मोठ्या भोकात. बल्ब लागला नाही. नुसती त्याच्या आतली तार लालसर झाली.

"मेलंय अर्थिंग. खड्डा कुठाय?"

मी फरशीकडे बोट दाखवलं. त्याने कपाळावर हात मारला. "दाजी, खड्ड्याला पाणी लागतं, माती ओली लागते. तुम्ही त्याच्यावर सिमेंट ओतलंत. आत कोरडं ठणठणीत झालं असणार, नाहीतर फरशीवाल्यांनी तारच तोडली. चार फरश्या फोडायला लागतील."

चार फरश्या. पुढच्या महिन्यात लेक आणि जावई पहिल्यांदाच या घरी राहायला येणार, आणि अंगणात खणून ठेवायचं? फरशी अशी की तसला दगड आता मिळतही नाही. मी म्हटलं, दुसरा काही उपाय काढ.

"एक आहे, पण तो उपाय नाही," म्हणाला. मग समजावून सांगितलं. एका तारेने वीज येते, ती फेज. दुसरीने परत जाते, ती न्यूट्रल. तिसरी नुसती जमिनीत जाते, ती अर्थ. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये बोटभर तार टाकली की गाडीला वाटतं अर्थ आहे.

"मग टाक की."

"गाडीला वाटतं, दाजी. असत नाही."

"धोका काय?"

"न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही नाही."

"मग न्यूट्रल कशाला तुटतेय? घराला इतकी वर्षं झाली, कधी तुटली?"

तो डोकं खाजवत बसला. ही चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "नको म्हणतोय तर राहू द्या ना." मी म्हटलं, यातलं तुला काय कळतं. मेहुण्याला म्हटलं, "अरे, मी आहे ना. माझ्या शब्दावर कर. लेक येऊन गेली की फरशी फोडू." या घरात माझ्या शब्दापुढे तो कधी गेलेला नाही. बहिणीचं लग्न झालं तेव्हा तो चड्डीत होता.

चहा निवायच्या आत काम झालं. डबीवर हिरवा दिवा. तो निघताना म्हणाला, "तात्पुरतं आहे हं, दाजी. तात्पुरतं."

आपल्याकडे सगळी टिकाऊ कामं तात्पुरतीच असतात, असं मी त्याला म्हटलं. हसला, पण दारातून पुन्हा एकदा मागे वळून सॉकेटकडे पाहिलं.

३० मार्च

आठवडाभर हिरवा दिवा. सर्व्हिस सेंटरच्या बाईला फोन करून सांगितलं की घरचं अर्थिंग आहे तसंच आहे आणि गाडी झकास चार्ज होते आहे. ती म्हणाली, "काका, काही बदल केलात का?" मी म्हटलं, काही नाही. जिंकल्याचं समाधान झालं.

मेहुणा कारखान्याच्या वायरिंगचं काम मिळालं म्हणून परगावी गेला, दोनेक महिन्यांसाठी. जाताना हिला म्हणाला, "ताई, दाजींच्या मागे लाग, फरशीचं." हिला मागे लागायला निमित्तच लागतं.

७ एप्रिल

हिचं नवीनच सुरू झालं आहे. गाडीच्या दाराला हात लावला की बोटांना मुंग्या येतात म्हणे. मी लगेच हात लावून पाहिला. काही नाही. पुन्हा लावला, बोनेटवर हात ठेवून उभा राहिलो. काही नाही. मी तिथे उभा असताना ती स्वयंपाकघरातून अनवाणी आली, बोटाचं टोक लावलं आणि हात मागे घेतला. "आली."

मला वाटतं हिची साखर वाढली आहे. माझ्या थोरल्या भावाला असंच झालं होतं, बोटांपासून सुरुवात.

१२ एप्रिल

डॉक्टरांकडे नेलं. हिला नीट सांगता येत नाही म्हणून मीच सगळं सांगितलं. हातांना मुंग्या, विशेषतः सकाळी, साखर सात-आठ वर्षांपासून. ही मध्येच "पण ते फक्त गाडीला..." असं म्हणायला लागली. मी म्हटलं, डॉक्टरांना गाडीचं काय सांगतेस, हाताचं सांग. डॉक्टरांनी तळव्यावर टोचून पाहिलं, साखर तपासली. थोडी वाढलेलीच निघाली. गोळ्या दिल्या, गोड बंद.

परत येताना मला बरं वाटत होतं. वेळेवर नेलं. पुष्कळ नवरे नेत नाहीत. ही गप्प होती. गोड बंद झाल्याचं वाईट वाटत असणार.

२० एप्रिल

या भागात विजेची बोंब झाली आहे. दिवे मध्येच मंद होतात, मध्येच भगभगीत. पंप सुरू केला की टीव्ही मान टाकतो. वीज कचेरीला तक्रार दिली. मी स्वतः कचेरीत होतो, तेव्हा तिचं पुढे काय होणार हेही ठाऊक आहे.

फरशीवाल्याचा फोन आला, मेहुण्याने परगावाहून त्याला माझा नंबर दिला म्हणे. पाहुणे जाऊ देत, मग ये, असं सांगितलं.

गोळ्यांचा हिला काही उपयोग दिसत नाही. आंघोळीचा हीटर लावलेला असताना मुंग्या जास्त येतात असं म्हणते. म्हटलं, आता हीटरचीही साखर वाढली का? यावर हसायला हवं होतं, हसली नाही.

२८ एप्रिल

लेक आणि जावई आले. अंगण पाहून जावई म्हणाले, "काय सुरेख केलंय, बाबा." नुसत्या त्या वाक्यासाठी फरशी न फोडल्याचं सार्थक झालं.

संध्याकाळी सगळे फिरायला निघालो, तर ही गाडीपाशी पदर हाताला गुंडाळून उभी. पदराने दार उघडायचं. जावयांसमोर. मी पुढे होऊन दार उघडलं आणि "या, राणीसाहेब" म्हटलं. सगळे हसले. लेकीने विचारलं, "आई, काय गं?" ही म्हणाली, "काही नाही, हात ओला आहे."

घरी आल्यावर मी जरा कडकच बोललो. गाडी नको होती तर तेव्हाच सांगायचं होतं. ही म्हणाली, "गाडी मला आवडते हो." एवढंच. भांडायला काही शिल्लक ठेवलं नाही.

३ मे

लेक गेली. घर मोठं वाटतं.

मेहुण्याचा फोन. "फोडली का?" म्हटलं, आता या उन्हात कोण खणतंय, पाऊसपाण्याचं बघून करू. तो म्हणाला, "दाजी, निदान रात्रभर लावून ठेवत जाऊ नका." म्हटलं, बरं. रात्रभर लावल्याशिवाय भरत नाही हे त्याला कुठे माहीत.

१० मे

ही दवाखान्यात आहे. आज लिहवत नाही.

१४ मे

लिहितो. लिहिलं नाही तर ते डोक्यात फिरत राहतं आणि दर वेळी मी त्यात जरा बरा दिसायला लागतो.

परवाच्या शनिवारी सकाळी वीज गेली. गाडी सॉकेटला तशीच होती, चार्जिंगही थांबलं. ही आंघोळीला जायची थांबली, हीटरचं बटण तसंच चालू राहिलं. गाडीवर धूळ बसली होती. रविवारी लग्नाला जायचं होतं, म्हणून मी बादली आणि फडकं काढलं. ही म्हणाली, "मी पुसते, तुमची कंबर धरते." मग हात पुढे करून थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पुसू ना?"

मी म्हटलं, "अगं, वीजच नाही. आता कसल्या मुंग्या? पूस निर्धास्त."

हे माझे शब्द आहेत. जसे बोललो तसे लिहिले आहेत.

मी पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो. फरशीवर पाणी होतं, ही अनवाणी. फडकं पिळल्याचा आवाज आला, आणि मग काहीतरी पडल्याचा. ओरडली नाही. मला वाटलं घसरली. धावलो, तिला उठवायला एका हाताने तिचा दंड धरला, दुसऱ्याने गाडीचा आधार घेतला आणि खांद्यापर्यंत झटका बसून मीच मागे फेकला गेलो. तेव्हा कळलं. माझ्या पायात रबरी चपला होत्या. मी घराबाहेर चपलेशिवाय पाऊल टाकत नाही, लहानपणापासून. बोनेटवर हात ठेवून "काही नाही" म्हणत उभा राहिलो होतो तेव्हाही त्याच होत्या.

मी मुख्य बटण पाडलं. हिचा उजवा तळवा भाजला होता, मनगट मोडलं होतं. शुद्धीवर होती. मला म्हणाली, "तुम्हाला लागलं का?"

१६ मे

वीज कचेरीचा माणूस येऊन गेला. वीज गेलीच नव्हती. शेजारी सगळीकडे होती, मी डोकावून पाहिलं असतं तर दिसलं असतं. आमच्या मीटरपाशी न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता. गाडी रात्र रात्र एवढी वीज ओढायची, त्याने तिथे तापून तापून ती तार शेवटी जळून सुटली. परत जायची वाट बंद झाली. घरातले दिवे विझले, पण आलेली वीज हीटरमधून पुढे सरकली आणि त्या बोटभर तारेवरून थेट गाडीच्या पत्र्यावर जाऊन थांबली. दिवे मंद-प्रखर व्हायचे ते त्याचंच लक्षण होतं. मुंग्याही त्याच्याच.

त्याने विचारलं, "ही तार कोणी टाकली?" मी म्हटलं, "मी." ते तसं खोटं नव्हे.

गाडी पहिल्यांदा अडली तेव्हापासून लाल दिवा दाखवत होती. ही हात मागे घेत होती. दोघींचं तोंड मी बंद केलं आणि वर हिला गोळ्या दिल्या. याच्याइतकी लाज मला आयुष्यात कशाची वाटलेली नाही.

१७ मे

फरशी फोडली. चार नाही, सहा लागल्या. खाली खड्ड्यातली तार फावड्याने अर्धी तुटलेली होती, उरलेली नंतर गंजून सुटली होती. नवा खड्डा, नवी तार. मजुरांनी विचारलं, वर पुन्हा तसलीच फरशी बसवायची का. नको म्हटलं.

दवाखान्यात हिला सांगितलं, तुझ्या भावाला आज फोन करतो, सगळं कळायला हवं त्याला. हिने डावा हात उचलून मला थांबवलं.

"त्याला काय सांगणार?"

"झालं ते."

"मी घसरले. लेकीलाही तेच सांगितलंय. ओल्या फरशीवर घसरले, मनगट मोडलं. या वयात मोडतं."

"अगं, पण..."

"त्याने तुमच्या शब्दावर केलं. त्याला कळलं तर तो पुन्हा कुठल्या घरात स्क्रू ड्रायव्हर हातात धरणार नाही. मी त्याला ओळखते, मी वाढवलंय त्याला."

मी म्हटलं, माझ्या मनावर फार ओझं आहे. ही म्हणाली, "हो ना," आणि डोळे मिटले.

२६ मे

हिला घरी आणलं.

मेहुणा काम अर्धवट टाकून आला. ताईच्या प्लास्टरवर पेनने पंख्याचं चित्र काढलं. प्लास्टरखालची पट्टी त्याला दिसली नाही, तळवा झाकलेलाच होता. "ताई, एवढी गुळगुळीत फरशी दाजींनी केली ती तुला पाडायलाच. तरी मी सांगत होतो, फोडा." ही हसली. मीही हसलो, हसावं लागलं.

मग मला बाजूला घेऊन विचारलं, "ती तार काढलीत ना?"

"काढली. अर्थिंगही नवं केलं."

त्याने सॉकेट उघडून स्वतः पाहिलं. त्याचा तो बल्ब लावला, लख्ख लागला. खाली बसला आणि कपाळ पुसलं. "बरं झालं, दाजी. खरं सांगू? तिकडे मला झोप लागायची नाही. रोज वाटायचं, ताईला काही झालं तर. आज हायसं वाटलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो.

४ जून

प्लास्टर आहे म्हणून मीच सगळं करतो असं मला वाटत होतं. आज लक्षात आलं की तसं नाही. डाव्या हाताने ही भाजी निवडते, गॅस पेटवते, केस विंचरते. पण दिवा लावायचा असला की हाक मारते. "अहो, जरा इकडे येता?" पंखा, दिवा, मिक्सर, काहीही. मी बटण दाबतो. फ्रिजचं दारही मीच उघडून देतो. तहान लागली तर माठातलं पिते.

मी म्हटलं, "आता सगळं नीट आहे. तुझ्या भावाने तपासलंय."

"माहीत आहे," म्हणाली. "हात जात नाही."

१३ जून

गाडीला गिऱ्हाईक आलं. दाखवायला त्यांच्याकडे नेली. त्यांनी खोदून खोदून विचारलं, चार्जिंगचा काही त्रास? म्हटलं, गाडीत काही दोष नाही. कागद पाहण्यात, बोलण्यात उशीर झाला. गाडी तिथेच सोडून परत आलो तेव्हा चांगलंच अंधारलं होतं.

सगळ्या गल्लीत उजेड आणि आमचं घर काळोखं. मला वाटलं, वीज गेली. मग गल्लीतला उजेड पुन्हा दिसला आणि मी फाटकापासून पळत गेलो.

ही बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. काळोखात, हात मांडीवर ठेवून.

"काय झालं? बरं नाही का?"

"बरी आहे. तुमची वाट बघत होते."

"कधीपासून?"

"अंधार पडल्यापासून."

"अगं, भावाला फोन करायचास. पाच मिनिटांवर राहतो."

"आणि त्याला काय सांगू?" म्हणाली. "दिवा लावून जा रे, असं?"

मी बटण दाबलं. हिने डोळ्यांवर हात धरला. मी तिच्यापुढे खाली बसलो आणि म्हटलं, मला हे सहन होत नाही, मी उद्याच त्याला सगळं सांगतो, त्याने मला चार शिव्या द्याव्यात, येणंजाणं बंद करावं. रडलो असेन. हिने ऐकून घेतलं.

"सांगा," म्हणाली. "तुम्हाला बरं वाटेल."

मी आतल्या खोलीचा दिवा लावला, मग स्वयंपाकघरातला, मग न्हाणीघरातला. खिचडी करून ठेवलेली होती, ती तिने काळोख पडायच्या आधीच करून घेतली होती.

२ जुलै

सांगितलं नाही. सांगणारही नाही. तेवढं तरी तिच्यासाठी करता येतं.

मेहुणा दर रविवारी येतो. फरशीवरून मला चिडवतो, बहिणीला हसवतो. गेल्या खेपेला पंख्याचं बटण त्याने स्वतः दाबलं, सहज, बोलता बोलता. ही त्याच्या हाताकडे पाहत होती, तो खाली येईपर्यंत.

प्लास्टर निघालं. तळव्यावर कातडी नवी आली आहे, गुलाबी. हाका तेवढ्याच आहेत.

मी म्हटलं होतं की आता संध्याकाळी घराबाहेर पडणार नाही. हिला ते पटलं नाही. माणसाने चार लोकांत जावं, म्हणाली. "जायचं असेल तर दुपारीच दिवे लावून जात जा."

तसं करतो. आज दुपारी वाचनालयात निघालो, सगळ्या खोल्यांतले दिवे लावले, बाहेरचाही लावला. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारच्यांनी कुंपणावरून हटकलं, "अहो, दिवसा दिवे चालू राहिलेत तुमचे."

म्हटलं, हो, विसरलो, आणि फाटक लावून निघालो.